वडिलांचा रकाना

मंगळवारी, बायकोच्या सुट्टीच्या दिवशी, संध्याकाळी तिनं टेबलावरच्या कागदाची मधली घडी मोडून तो सपाट केला, आणि वजनमाप निरीक्षकाला एकवीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदाच स्वतःच्या सुवाच्य अक्षराची लाज वाटली. कागद बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यातून आला होता. मुलीला गुरुवारी सकाळी नऊ चाळीसला पहिल्यांदाच दाखवायचं होतं. त्याआधीच्या आठवड्यात ती कधी बिथरली, बिथरण्याआधी काय झालं, किती वेळ चाललं आणि कशानं थांबलं, हे आईनं डाव्या रकान्यात आणि वडिलांनी उजव्या रकान्यात लिहायचं होतं, एकमेकांचं न वाचता. न वाचण्याची अट त्यानं कसोशीनं पाळली होती. मधोमध घडी घालायची कल्पनाही त्याचीच. आता घडी मोडल्यावर दिसलं ते असं: डाव्या बाजूला बायकोच्या अक्षराची नुसती झुंबड, ओळी एकमेकींच्या अंगावर चढलेल्या, बाण समासात घुसलेले, एके ठिकाणी पेन कागदातून आरपार गेलेलं. उजव्या बाजूला पाच दिवस, पाच ओळी, आणि प्रत्येक ओळीत कचेरीतला एकच शब्द, एकाखाली एक, रांगेत उभ्या केलेल्या पोरांसारखा. निरंक.

"छान," बायको म्हणाली. "म्हणजे सकाळी माझ्याकडे एक मुलगी असते आणि संध्याकाळी तुझ्याकडे दुसरीच. कुठं ठेवतोस रे तिला? मलाही आणून दे ना तसली एखादी."

"जे झालंच नाही ते कसं लिहू?"

"नकोच लिहूस. डॉक्टर दोन्ही बाजू वाचतील आणि कळायचं ते त्यांना कळेल."

"काय कळेल?"

टेबलाखाली मुलगी डब्याचं झाकण फिरवत बसली होती. झाकण फिरायचं, डुगडुगायचं, पडायचं, आणि पडायच्या आत तिचा तळवा त्यावर येऊन आवाज दाबून टाकायचा. ती दीड वर्षाची असल्यापासून हे चाललं होतं, म्हणून घरात तिला भिंगरी म्हणत. बायको शहर बससेवेत ड्रायव्हर होती. दुपारी बारा ते आठ तिची पाळी; म्हणजे मुलीला उठवणं, कपडे घालणं, बालवर्गात नेऊन सोडणं हे तिचं, आणि चार वाजता आणणं, खायला घालणं, आठला झोपवणं हे त्याचं. काय कळेल, हे त्यानं विचारलं खरं, पण त्याला ते आधीच माहीत होतं. आणि खरी गोम पुढेच आहे. पाचव्यांदा निरंक लिहिताना त्याला पोटातून कुठंतरी गुदगुल्या झाल्या होत्या. आपल्या हातून पोरीला कधी ओरखडासुद्धा उठत नाही, असा कागदोपत्री पुरावा. बायको सकाळी घाईत असते, तिचा आवाज चढतो, ती दोन्ही बाह्या एकदम चढवायला जाते. तो हे कधी बोलला नव्हता. बोलायची गरज नव्हती. न बोलता एखाद्याच्या डोक्यावर खापर कसं ठेवायचं, हे नवराबायकोंना कुणी शिकवावं लागत नाही.

बालवर्गाच्या बाईंनी मात्र दोघांना समोरासमोर बसवून सांगितलं होतं, त्या बुटक्या खुर्च्यांवर, जिथं मोठ्या माणसांचे गुडघे हनुवटीला लागतात. मुलगी हुशार आहे, बाई म्हणाल्या, गोष्ट एकदा ऐकली की माझ्याच आवाजात मला परत ऐकवते. पण रांगेत तिच्या पुढचा मुलगा बदलला तर ती त्याला चावते. परवा कात्रीचा आवाज सहन झाला नाही म्हणून कपाटात जाऊन बसली, तासभर. "रागावू नका हं, पण पुढच्या वर्गात चाळीस मुलं असतात. डॉक्टरांचं पत्र आणा, हिच्याशी कसं वागायचं आणि कसं नाही हे लिहिलेलं. त्याच्याशिवाय मला हिला वर पाठवता येणार नाही. आणि पत्र अंदाजपंचे नको, तुम्ही त्यांना सगळं खरंखरं सांगा." बायको मान हलवत होती. त्याला बाईंची थोडी कीवच आली होती. यांना मुलं सांभाळता येत नाहीत, असं त्यानं मनातल्या मनात नोंदवून टाकलं होतं.

बुधवारी दिवसभर तो बाजारात होता. बाजार त्याला पाठीमागं ग्रॅमसाहेब म्हणे, कारण तो एक ग्रॅम सोडत नसे. आणि हे नाव त्याच्या कानावर गेलेलं आहे, हे बाजाराला माहीत नव्हतं. त्याच्या कामात एक प्रकार असतो, त्याला चाचणी खरेदी म्हणतात. साध्या गिऱ्हाइकासारखं दुकानात जायचं, चेहरा जरा बावळट ठेवायचा, किलोभर साखर मागायची. दुकानदार तोलत असताना बोलायचं नाही, काउंटरला टेकायचं नाही, काट्याला तर बोटही लावायचं नाही. पुडी हातात पडली, पैसे दिले, की मग खिशातून ओळखपत्र काढायचं. सांगून गेलं तर सगळ्यांचीच वजनं बरोबर भरतात. त्या दिवशी त्यानं तीन दुकानं केली, दोन बरोबर निघाली, तिसऱ्यात खिळे विकणाऱ्यानं त्याला ओळखून स्टूल पुढं केलं. पण आकडे लिहिताना त्याचं लक्ष नव्हतं. कुठं ठेवतोस रे तिला. डोक्यात झाकण फिरत होतं. त्याला मुलगी तीन महिन्यांची असतानाची आठवली, तिला उचललं की ती अंग ताठ करायची, फळीसारखी, आणि त्याला कसं कोण जाणे दोनचार दिवसांतच समजलं होतं की तोंड बाहेरच्या बाजूला करून धरलं की ती सैल पडते. तेव्हापासून तो तिला तशीच धरत आला. बायकोला त्यानं हे सांगितलं होतं का? सांगितलं असेल. एवढं काय सांगायचं त्यात, लहान मुलं असतातच तशी. आणि मग, खिळ्यांच्या दुकानात, स्टुलावर न बसता, त्याच्या मनात तो विचार आला, इतका सरळ आणि कामाचा की त्याला त्यात काही वावगं दिसलं नाही. आपल्या रकान्यात आकडा नाही, कारण आपण कधी मोजलंच नाही. आज मोजू. दुसऱ्या रस्त्यानं घरी नेऊ. काही झालं नाही, तर सहावं निरंक, आणि तेही तपासून घेतलेलं. झालं तर आकडा मिळेल. दोन्हीकडून डॉक्टरांचाच फायदा.

चार वाजून दहा मिनिटांनी बालवर्गाच्या फाटकातून बाहेर पडल्यावर तो उजवीकडे वळायचा ते डावीकडे वळला. एरवी काहीही बदलायचं असलं की तो आधी सांगायचा, आज नळाला पाणी नाही, आज दूध दुसऱ्या पिशवीतलं आहे, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा तिनं ते त्याच्यामागून म्हणेपर्यंत. आज त्यानं सांगितलं नाही. चेहरा नेहमीसारखा ठेवला. तिच्या हातात त्याचं एक बोट होतं, आणि अकरा पावलं ती आलीसुद्धा. त्याला वाटलं, बघ, काही नाही. बाराव्या पावलाला बोटावरची पकड आधी सुटली आणि मग आवळली. तिनं मान वळवून मागं पाहिलं, जिथं लाल टपालपेटी असायला हवी होती आणि तिच्या फटीत हात घालून पाहायचा असतो, जिथं पुढं सात बुटके खांब असतात आणि चौथ्याला हात लावायचा नसतो. "पेटी," ती म्हणाली. तो चालत राहिला. "पेटी. पेटी पेटी." मग ती खाली बसली नाही, कोसळली. आणि त्यानं, मोजणाऱ्या माणसाला शोभेल असं, तिच्या मुठीतून आपलं बोट सोडवून घेतलं, दोन हात मागं सरला, आणि घड्याळात पाहिलं. चार अकरा.

ते कसं होतं हे त्याला माहीतच नव्हतं. डाव्या रकान्यातल्या ओळी त्यानं काल वाचल्या होत्या, 'डोकं आपटते', 'आवाज बसतो', पण वाचणं वेगळं. रंगाच्या दुकानासमोरच्या फरशीवर तिची टाच घासत होती, बुटाचं रबर घासल्याचा वास यायला लागला. आवाज तिच्या तोंडातून येत नसून तिच्या अंगावर कुणीतरी तो ओतत असल्यासारखा वाटत होता. लोक थांबले, म्हणजे थांबत नव्हते, पण चालणं सावकाश करत होते. एक बाई बाबागाडी अडवून म्हणाली, "उचला ना हो तिला, दगड आहात का!" रंगवाला दारात येऊन म्हणाला, "साहेब, एक ठेवून द्या, लगेच बंद होईल. आमच्याकडं असंच चालतं." तो तसाच उभा. चार वीस. पाठीला घाम, आणि डोक्यात एक स्वच्छ, कोरडा भाग जो म्हणत होता, आता हात लावलास तर आकडा फुकट जाईल. त्या भागाची त्याला पुढं फार दिवस भीती वाटणार होती. चार अठ्ठावीसला तिचा श्वास अडकला, उचकी लागली, आणि दोन उचक्यांच्या मधल्या जागेत ती बोलली. तिच्या आवाजात नाही. खालच्या पट्टीत, सावकाश, शब्दांचा शेवट किंचित लांबवत. "झालं. झालं. इथंच आहे मी. कुठं जात नाही." आणि स्वतःच्या उजव्या हातानं स्वतःच्या गुडघ्यावर थोपटलं, दोनदा, थांबून पुन्हा दोनदा. आवाज त्याचा होता, थोपटणं त्याचं होतं. तो तेवढा दोन हात लांब भिंतीशी उभा होता, मनगट वर धरून.

तो गेला मग. फरशीवर बसला, हात पुढं केला. तिनं तो हात चावला नाही की ढकलला नाही, ती फक्त त्याच्यापासून सरकली, जसं माणूस गरम भांड्यापासून सरकतं. "झालं, झालं," तो म्हणाला, आणि त्याला स्वतःचाच आवाज उसना वाटला. कारण तो तिनं आधीच घेऊन वापरायला काढला होता. त्याच्या बोलण्यानं काही थांबलं नाही. ते थांबलं चार अठ्ठावन्नला, ती दमली म्हणून. घरी जाताना तिनं त्याचं बोट धरलं नाही. ती भिंतीला हात लावून चालली, भिंत संपली की पुढच्या भिंतीपर्यंत थांबून, अंदाज घेऊन.

सहा वाजता ती झोपून गेली, न खाता. त्यानं कागद समोर ओढला. चार अकरा ते चार अठ्ठावन्न, सत्तेचाळीस मिनिटं. कशानं थांबलं, थकव्यानं. आधी काय झालं, या जागेशी पेन बराच वेळ हवेत राहिलं. मग त्यानं लिहिलं, 'रस्ता बदलला.' जणू रस्त्यालाच त्या दिवशी तशी लहर आली होती. लिहून त्याला बरंही वाटलं, खोटं काही नव्हतं त्यात.

आठनंतर बायको आली, चावी खुंटीला लावली, उभ्या उभ्या कागद वाचला. सत्तेचाळीस या आकड्याशी ती थांबली, तिच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळल्यासारखं झालं आणि ते तिनं लगेच विझवलं. दुसऱ्याच्या घरी चोरी झाल्यावर आनंद होऊ नये तसं. मग पुढचं वाचलं.

"रस्ता बदलला? का, खोदलाय का?"

"हं."

"कुठं?"

"टपालपेटीपाशी."

"टपालपेटीपाशी," ती म्हणाली. "त्या रस्त्यानं मी आज चार फेऱ्या मारल्यात. शेवटची पावणेआठला. बशी भरून माती निघालेली नाही तिथं."

एकवीस वर्षं लोकांना पकडणाऱ्या माणसाला पकडलं जाण्याचा सराव नसतो. त्याची नजर आधी कागदावर गेली, मग तिच्या बुटांवर.

"मुद्दाम नेलंस?"

"आकडा हवा होता. डॉक्टरांना—"

"मुद्दाम नेलंस." ती खुर्चीवर बसली. ओरडली असती तर बरं झालं असतं. "आणि उभा राहिलास? घड्याळ लावून?" तिनं उत्तराची वाट पाहिली नाही. "आकडा माझ्याकडं होता ना रे. सतरा आकडे आहेत त्या बाजूला. मला विचारलं असतंस तर मी सांगितलं असतं."

असंच कुणीतरी म्हणालं होतं. नोकरीच्या दुसऱ्या महिन्यात, एका म्हातारीच्या दुकानात; तिनं त्याला उन्हातून आला म्हणून पाणी दिलं, बसायला पोतं झटकून दिलं, आणि किलोमागं चाळीस ग्रॅम कमी दिले. त्यानं ओळखपत्र काढलं तेव्हा ती चिडली नाही, नवलानं त्याच्याकडं बघत राहिली. काटा सकाळपासून अडकतोय रे बाबा, म्हणाली, स्प्रिंग गंजलीय, मला विचारलं असतंस तर मीच सांगितलं असतं. त्यानं नियमाप्रमाणं काट्याला सील ठोकलं होतं. पाणी अर्धं पिऊन झालं होतं. उरलेलं प्यावं की ठेवावं हे न कळून तो पेला हातात घेऊन उभा राहिला होता. कुणालाही सांगितली नव्हती ती गोष्ट.

"मी साबण बदलला," बायको म्हणाली. ती टेबलाकडं बघून बोलत होती. "तीनदा. मला वाटायचं, माझ्या हातांना गाडीचा वास येतो, म्हणून मी हात लावला की ती बिथरते. सुट्टीच्या दिवशी पण बिथरायची, तरी मला वाटायचं वास आत मुरलाय. सव्वा वर्ष. आणि तू संध्याकाळी मजेत निरंक."

त्याला म्हणायचं होतं, वास नाही येत. म्हणाला, "तोंड बाहेरच्या बाजूला करून धरावं लागतं."

"काय?"

"तिला. उचलताना. तोंड बाहेर. आणि दोन्ही बाह्या एकदम नाही, आधी डावी, मग मध्ये थांबायचं, ती स्वतः उजवी पुढं करते."

बायकोनं पेन उचललं, उजव्या रकान्यातल्या निरंकांवर वरून खालपर्यंत एक तिरकी रेघ मारली, आणि कोरा कागद ओढून त्याच्या पुढ्यात ठेवला. "लिही. चार वाजता फाटकापाशी काय करतोस?"

"काही नाही. उभा राहतो."

"कुठं?"

"डावीकडं. उजवीकडं बाकीचे पालक असतात, गलका असतो." त्यानं पेन टेकवलं. "लिहू हे?"

"लिही."

तो लिहीत गेला. तिसऱ्या ओळीनंतर तिला विचारावंच लागलं नाही. पेटी, सात खांब, चौथा वगळून. साडेपाचच्या आत जिना, कारण साडेपाचला शेजारचं कुत्रं बाहेर पडतं. पावाच्या उभ्या पट्ट्या, तिरके तुकडे नाहीत. पोचा आलेला पेला. मिक्सर लावायच्या आधी तीनदा सांगणं. कचऱ्याची गाडी वळणावर आली की खिडकी लावणं. दारावर कुणी तिला काही विचारलं की तिच्याआधी आपणच उत्तर देणं.

"पॅसेजमधला दिवा काढलाय," तो म्हणाला.

"काढलाय? मला वाटलं उडालाय!"

"गुणगुणायचा."

"अरे, वर्षभर मी अंधारात चपला शोधतेय! एकदा डावी माझी आणि उजवी तुझी घालून डेपोत गेले!" ती हसली, आणि हसता हसता तिचा चेहरा मोडला, तिनं तो दोन्ही तळव्यांत धरून ठेवला. तो लिहायचा थांबला. "तू लिही," ती तळव्यांतून म्हणाली. कागदाची पाठपोट भरली, मग दुसरा कागद. त्याला वाटत होतं आपण काही करत नाही. आणि हे संपता संपत नव्हतं, खिसा उलटा केल्यावर निघत राहावं तसं. यातलं त्यानं कुणापासून लपवलं नव्हतं. त्याला फक्त असं वाटून घ्यायला आवडलं होतं की मुलगी शहाणी आहे आणि ती त्याच्यापाशीच शहाणी आहे.

शेवटी बायकोनं तिन्ही कागद जुळवले. "उद्या तू आत येऊ नकोस," ती म्हणाली. "निदान पहिला थोडा वेळ."

"ती घाबरेल."

"घाबरेल. पण तू आत असलास की तू पडदा ओढशील, डॉक्टरांना आवाज खाली करायला सांगशील, तिच्या वतीनं बोलशील. त्यांना तूच दिसशील. ती दिसणारच नाही. मग पत्रात ते काय लिहिणार? निरंक?"

"आणि तुझ्याजवळ ती—"

"माझ्याजवळ रडेल. सवय आहे तिला आणि मलाही." मग वेगळ्या आवाजात, "तोंड बाहेरच्या बाजूला, ना?"

गुरुवारी सकाळी दवाखान्यात पोचताच तो जागा ठरवू लागला. हात सुकवायच्या यंत्रापासून लांबची खुर्ची, खिडकीकडं पाठ, मुलीच्या आणि दाराच्या मध्ये आपण. "बस," बायको दातांतून म्हणाली, "खाली बस." तो बसला. मुलगी त्याच्या शेजारच्या खुर्चीवर नव्हती, एक खुर्ची सोडून होती. कालपासून ती ते अंतर राखून होती, मोजून दिल्यासारखं. कोपऱ्यात तान्ह्या मुलांचा वजनकाटा होता, त्याची सुई शून्यापासून केसभर डावीकडं होती, आणि त्यानं ती पाहिली, आणि तो काही बोलला नाही. नऊ बेचाळीसला काउंटरवरच्या मुलीनं आत जायला सांगितलं. बायकोनं कागद काखेत धरले, वाकली, मुलीला पाठीकडून उचललं, तोंड बाहेरच्या बाजूला करून. मुलगी ताठ झाली, पण फळीसारखी नाही. जाताना तिची नजर त्याच्या खुर्चीवरून गेली. त्याच्यावर थांबली की खुर्चीवर, ते त्याला सांगता आलं नसतं.

दार लागलं. आधी काहीच नाही. आतून एका बाईचा शांत आवाज, एक खण उघडल्याचा आवाज, मग काहीतरी धातूचं खाली पडलं आणि ते सुरू झालं. बसलेल्या सगळ्यांच्या माना दाराकडं वळल्या. एक बाप मोबाइलमधून डोकं वर काढून पुन्हा आत गेला. निरीक्षकाच्या तोंडात ते 'झालं, झालं' आलं, अगदी ओठांपर्यंत, आणि त्यानं ओठ मिटले. मनगटावरच्या घड्याळावर त्यानं बाही ओढली. नातवाला मांडीवर घेतलेली एक आजी बराच वेळ त्याच्याकडं बघत होती. कुणी सांगितलं नाही तर या बाप्याला उठायचं सुचणार नाही, असं ठरवून ती वाकली.

"तुमचीच ना हो ती? मघाशी तुमच्याबरोबरच आली ना?" आतून आवाज आणखी चढला. "मग जा की आत. बसलात काय असे?"

"माझीच," तो म्हणाला. दोन्ही हात त्यानं मांड्यांखाली घेतले, आणि बसून राहिला.